बँक बदलायची तर हिशेबानं

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेला एखादा मावसभाऊ सुट्टीत पुण्याला आला आणि जेवताना सहज म्हणाला, "बँक बदलली, पावणेदोनशे पौंड मिळाले," तर आपल्याला ती थाप वाटेल. पण ती थाप नाही. तिथं सप्टेंबर २०१३ पासून रोजच्या व्यवहाराचं खातं एका बँकेतून दुसरीत हलवण्याची देशभर चालणारी व्यवस्था आहे. नव्या बँकेला फक्त सांगायचं. सात कामकाजाच्या दिवसांत पगार, वीजबिल, विम्याचे हप्ते असं सगळं नव्या खात्यावर येतं आणि जुनं खातं आपोआप बंद होतं. बदलणं इतकं सोपं झाल्यामुळे ग्राहक ओढायला बँका रोख रक्कम देऊ लागल्या. अटी असतातच. महिन्याला ठरावीक रक्कम जमा व्हायला हवी, निदान दोन बिलं त्या खात्यातून परस्पर जायला हवीत. तरीही अटी सांभाळून दरवर्षी बँक बदलणारे आणि त्यातून सहलीचा खर्च काढणारे लोक तिथं आहेत.

आपल्याकडे मोबाइल नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, बँकखात्याचं तसं नाही. रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर एस. एस. मुंद्रा यांनी मे २०१७ मध्ये खाते क्रमांकाच्या पोर्टेबिलिटीचा विषय जाहीरपणे मांडला होता. पण खातं हलवण्याची सगळी उस्तवार आजही ज्याची त्यालाच करावी लागते. म्हणून आपल्याकडे बँक बदलून मिळवायचं ते दोन मार्गांनी: दंडापोटी आणि शुल्कापोटी जाणारे पैसे थांबवायचे आणि बचत खात्यात अडीच टक्क्यांवर पडून राहिलेल्या रकमेला बरं काम लावायचं. हातात बक्षिसाचा चेक पडत नाही, पण नीट केलं तर वर्षाकाठी होणारी बचत त्या पौंडांच्या पंगतीला बसू शकते.

आधी स्टेटमेंट वाचा

खाती आपण उघडत नाही, ती साचत जातात. कॉलेजच्या शिष्यवृत्तीसाठी एक, पहिल्या नोकरीच्या पगारासाठी दुसरं, गृहकर्ज देणाऱ्या बँकेनं गळ्यात मारलेलं तिसरं आणि सासरच्या गावी लॉकर मिळावा म्हणून काढलेलं चौथं. यांतलं सगळ्यात महाग पडतं ते जुनं पगाराचं खातं. नोकरी असते तोवर ते झीरो बॅलन्स. पण बहुतेक बँकांत लागोपाठ तीन महिने पगार जमा झाला नाही की तेच खातं गुपचूप साधं बचत खातं होतं आणि किमान शिल्लक ठेवण्याची अट लागू होते. तसा ईमेल येतो, पण आपण तो जाहिरात समजून वाचत नाही.

एक रविवार काढा. प्रत्येक खात्याचं गेल्या बारा महिन्यांचं स्टेटमेंट डाउनलोड करा आणि फक्त वजा झालेल्या लहान रकमा बघा. ११८, २३६, १७ रुपये ७० पैसे असे विचित्र आकडे दिसले तर थांबा. बँकेच्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो, त्यामुळे शंभराचे ११८ होतात, दोनशेचे २३६ आणि पंधराचे १७.७०. पहिला बहुधा कसला तरी दंड किंवा शुल्क, दुसरा डेबिट कार्डाची वार्षिक फी, तिसरा तिमाहीचा एसएमएसचा खर्च. जे कार्ड वर्षभरात एकदाही वापरलं नाही त्याची फी भरण्यात काही अर्थ नाही. बँकेत साधं, कमी फीचं रुपे कार्ड बहुधा असतंच, पण मागितल्याशिवाय कुणी पुढे करत नाही.

एटीएमचंही बघा. आपल्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला पाच व्यवहार फुकट. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर महानगरात तीन, इतरत्र पाच. रिझर्व्ह बँकेच्या यादीत महानगरं सहाच आहेत आणि त्यांत महाराष्ट्रातली फक्त मुंबई. पुणेकरांना, नागपूरकरांना पाच मिळतात. त्यापुढच्या प्रत्येक व्यवहाराला १ मे २०२५ पासून २३ रुपयांपर्यंत आकार घेता येतो, वर जीएसटी. नुसती शिल्लक बघितली तरी तो व्यवहार मोजला जातो.

आणखी एक ओळ मे महिन्याच्या शेवटी सापडेल: ४३६ रुपये आणि २० रुपये. जीवन ज्योती आणि सुरक्षा विमा या पंतप्रधानांच्या नावाच्या योजनांचे हे वार्षिक हप्ते. योजना चांगल्या आहेत. पण दोन बँकांतून दोनदा हप्ता कापला गेला म्हणून विमा दुप्पट होत नाही. दावा एकाच खात्यावरून मिळतो. ज्या घरात दोघांची मिळून सहा खाती आहेत तिथं ही दुहेरी कपात हमखास आढळते.

किमान शिल्लकीचं गणित

समजा, खासगी बँकेतल्या तुमच्या खात्याला महिन्याला सरासरी दहा हजारांची अट आहे, तुम्ही त्यात दोन हजार ठेवून विसरलात आणि बँकेचा दंड तुटीच्या सहा टक्के आहे. पहिल्या महिन्यात तूट आठ हजारांची, दंड ४८० आणि जीएसटी धरून ५६६ रुपये ४० पैसे. शिल्लक घटली, म्हणून पुढच्या महिन्याची तूट वाढली आणि दंड झाला ६०६. तिसऱ्या महिन्यात ६४९. चौथ्या महिन्यात खातं शून्यावर.

इथं तुमच्या बाजूनं एक भक्कम नियम आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेनं काढलेल्या आणि एप्रिल २०१५ पासून लागू झालेल्या परिपत्रकानं तीन गोष्टी बांधून दिल्या. शिल्लक कमी पडली तर बँकेनं आधी कळवायचं आणि भरपाईसाठी निदान एक महिना द्यायचा. दंड सरसकट न लावता तुटीच्या प्रमाणात लावायचा. आणि नुसत्या या दंडामुळे खातं उणे करायचं नाही. म्हणून "आधी उणे शिल्लक भरा, मगच खातं बंद होईल" असं काउंटरवर कुणी ऐकवलं तर ती रक्कम कशाची आहे ते लेखी मागा. किमान शिल्लकीच्या दंडाची असेल तर ती भरायची गरज नाही. दोन वर्षं ग्राहकानं कसलाच व्यवहार न केलेलं खातं निष्क्रिय धरलं जातं. एप्रिल २०२४ पासून अशा खात्याला हा दंड लावताच येत नाही आणि ते पुन्हा सुरू करायलाही शुल्क नाही.

'सरासरी' या शब्दाकडे मात्र फार कमी लोक लक्ष देतात. दहा हजारांची मासिक सरासरी म्हणजे रोज दहा हजार हवेतच असं नाही. रोज दिवसअखेरीची शिल्लक मांडून तिची बेरीज दिवसांनी भागतात. तीस दिवसांच्या महिन्यात एक लाख रुपये तीन दिवस राहिले की त्या महिन्याची अट पुरी झाली, मग उरलेले सत्तावीस दिवस खात्यात काहीही नसलं तरी चालेल. मुदतठेव मोडून आलेली किंवा बिल्डरला द्यायची रक्कम हाताशी असेल तर तिला तीन दिवस त्या खात्यातून फिरवून आणायचं. काही बँका तिमाही सरासरी धरतात, तेवढं आधी विचारून घ्या.

पण दरमहा असले खेळ करण्यापेक्षा अट नसलेलं खातं बरं. स्टेट बँकेनं मार्च २०२० मध्येच बचत खात्याची किमान शिल्लकीची अट काढली. कॅनरा बँकेनं जून २०२५ पासून, पंजाब नॅशनल आणि बँक ऑफ बडोदा यांनी जुलैपासून तोच रस्ता धरला. खासगी बँकांचा कल उलटा. ऑगस्ट २०२५ मध्ये आयसीआयसीआय बँकेनं शहरी भागातल्या नव्या बचत खात्यांसाठी ५० हजारांची अट जाहीर केली आणि ओरड झाल्यावर काही दिवसांतच ती १५ हजारांवर आणली. किती शिल्लक मागायची हे ठरवायला बँक मोकळी आहे, त्यामुळे आज आवडलेली बँक उद्याही परवडेल असं गृहीत धरू नका.

बँक न बदलताही एक सुटका आहे. प्रत्येक बँकेत 'मूलभूत बचत ठेव खातं' असतं. त्याला किमान शिल्लक नाही, डेबिट कार्ड मोफत आणि महिन्याला निदान चार वेळा पैसे काढता येतात. ते फक्त गरिबांसाठी असतं हा गैरसमज आहे. कुणीही मागू शकतो, खासगी बँकेतही. मुख्य अट अशी, की त्याच बँकेत तुमचं दुसरं बचत खातं नसावं. घरी बसलेल्या आजोबांचं किंवा शिकणाऱ्या मुलीचं खातं असं रूपांतरित करून घेणं हे सगळ्यात कमी कटकटीचं काम. शाखेतल्या माणसाला ते ठाऊक नसेल तर व्यवस्थापकांना भेटा.

जादा व्याज आणि फुकटचे पैसे

बचत खात्यावर किती व्याज द्यायचं हे ऑक्टोबर २०११ पासून बँका स्वतः ठरवतात. स्टेट बँकेचा दर जून २०२५ मध्ये अडीच टक्क्यांवर आला, मोठ्या खासगी बँकाही तिथंच. लघु वित्त बँका याहून बरेच जास्त देतात, पण जाहिरातीतला ठळक आकडा सहसा वरच्या टप्प्याला लागू असतो. पहिल्या लाखाला कमी दर, जादा दर त्यावरच्या रकमेला. म्हणून पंचवीस हजारांसाठी बँक बदलण्यात राम नाही. दोन लाख पडून असतील तर गोष्ट वेगळी: अडीच टक्क्यांनी वर्षाला पाच हजार, साडेसहानं तेरा हजार. हा आठ हजारांचा फरक आहेच त्या बँकेत मुदतठेव करूनही साधता येईल, त्याला नवं पासबुक लागत नाही. फक्त जुन्या कररचनेत बचत खात्याच्या व्याजावर मिळणारी दहा हजारांपर्यंतची वजावट मुदतठेवीच्या व्याजाला मिळत नाही. ज्येष्ठ नागरिकांची वजावट वेगळी आणि मोठी आहे.

जास्त व्याजामागे जाताना ठेव विमा विसरू नका. एका बँकेत एका व्यक्तीला मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखांपर्यंतच संरक्षण आहे. त्याच बँकेच्या चार शाखांत पैसे ठेवले तरी बेरीज एकच. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीला फक्त हजार रुपये काढता येत होते आणि विम्याची मर्यादा एक लाख होती. ती पाच लाख झाली फेब्रुवारी २०२० मध्ये. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेबाहेरच्या रांगा आपण पाहिल्या. पतसंस्थेतल्या ठेवीला तर हा विमा मुळीच नाही. गावातली पतसंस्था ओळखीची असते, संचालक लग्नाला येतात, हे सगळं खरं. पण सगळी पुंजी तिथं हलवणं मला तरी मान्य नाही.

राहिला रोख रकमेचा भाग. खातं उघडल्यावर अडीचशे-पाचशेचं व्हाउचर किंवा कॅशबॅक काही बँका देतात, घ्यायला हरकत नाही. पण खातं उघडून पासबुक, कार्ड आणि सिम आमच्या हवाली करा, पाच-दहा हजार देतो, असं सांगणारा माणूस भेटला तर तिथून उठा. कॉलेजच्या कट्ट्यावर आणि टेलिग्रामवर हा धंदा जोरात आहे. सायबर फसवणुकीतले पैसे अशा भाड्याच्या खात्यांतून फिरतात आणि पोलीस येतात ते ज्याच्या नावावर खातं आहे त्याच्या दारात. अशी खाती हुडकायला रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबनं खास यंत्रणा उभारली आहे. एकदा खातं गोठवलं गेलं की त्यातले स्वतःचे पैसेही अडकतात. वयात आलेल्या मुलामुलींना हे घरात स्पष्ट सांगायला हवं.

हलवण्याचा क्रम

नवं खातं सुरू होऊन त्यावर एक पूर्ण महिना व्यवहार झाल्याशिवाय जुन्याला हात लावू नका. दोन्ही खाती तीन महिने बरोबरीनं चालू द्या. घाईनं जुनं आधी बंद केलं, की गृहकर्जाचा हप्ता परत जातो, बँक आणि कर्ज देणारी संस्था दोघीही दंड लावतात आणि पतगुणांक घसरतो तो वेगळाच.

नेटबँकिंगमध्ये मँडेटची, म्हणजे खात्यातून परस्पर पैसे कापायला दिलेल्या परवानग्यांची, यादी दिसते. तिथून कर्जाचे हप्ते, एसआयपी, विम्याचे हप्ते कागदावर उतरवून घ्या. यूपीआय ॲपमधले ऑटोपे वेगळे असतात, सिनेमा-मालिकांची वर्गणी बहुधा तिथं दडलेली सापडते. कर्जासाठी नवं मँडेट द्यायला कॅन्सल चेक लागेल आणि नोंद व्हायला दोन-तीन आठवडे धरून चाला. एक हप्ता नव्या खात्यातून गेलेला डोळ्यांनी बघा, मगच जुन्यातलं मँडेट रद्द करा. पैसे येण्याचीही ठिकाणं बरीच: भविष्य निर्वाह निधी, डीमॅट, म्युच्युअल फंड, एलआयसी आणि आयकर. आयकराच्या पोर्टलवर नवं खातं पडताळून परताव्यासाठी निवडलं नाही, तर परतावा बंद खात्यावर जाऊन परत फिरतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो आधारचा. सरकारी अनुदान खाते क्रमांकावर येत नाही, आधार क्रमांकावर येतं. आधार क्रमांकासमोर कोणती बँक आहे याची नोंद राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाच्या (एनपीसीआय) मॅपरमध्ये असते. तिथं एका वेळी एकच बँक राहते, सगळ्यात शेवटी जोडलेली. म्हणजे लाडक्या बहिणीचे दीड हजार, गॅसचं अनुदान, शेतकरी सन्मानचा हप्ता हे सगळं ज्या बँकेत शेवटी आधार सीडिंग झालं तिथं जातं. सिमकार्ड घेताना किंवा एखाद्या ॲपमध्ये झटपट खातं उघडताना नकळत खूण केली गेली, की अनुदान भलत्याच खात्यात. २०१७ मध्ये एअरटेल पेमेंट्स बँकेच्या बाबतीत लाखो ग्राहकांच्या गॅस अनुदानाचं असंच झालं होतं आणि आधार प्राधिकरणानं त्या वर्षी डिसेंबरमध्ये तिची ई-केवायसीची परवानगी काही काळ रोखली होती. म्हणून मायआधार संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' उघडून बँकेचं नाव बघा. केवायसीला आधार दिलं म्हणजे सीडिंग झालं असं नसतं, त्यासाठी वेगळी संमती द्यावी लागते. जुनं खातं बंद करण्याआधी त्या पानावर नव्या बँकेचं नाव यायला हवं.

निवृत्तिवेतन ज्या खात्यात येतं ते केवळ दोनशे रुपयांच्या फीसाठी हलवू नये, कागदपत्रं फिरायला वेळ लागतो आणि मधे महिना कोरडा जाऊ शकतो. पगारदारांनी पगार खात्याबरोबर मिळणारा अपघात विमा किती आहे ते बघून मगच निर्णय घ्यावा.

बंद करताना

बहुतेक बँकांत उघडल्यापासून चौदा दिवसांत किंवा वर्ष उलटल्यावर खातं बंद करायला पैसे पडत नाहीत, मधल्या काळात मात्र पाचशेच्या आसपास आकार घेतात. दहा महिने झाले असतील तर आणखी दोन थांबा. वेळ निवडायची झाली तर मेच्या पहिल्या पंधरवड्यात हे काम उरका, विम्याचे दुहेरी हप्ते कापले जाण्याआधी. संयुक्त खात्यावर सगळ्यांच्या सह्या लागतात. उरलेली चेकबुकाची पानं आणि कापलेलं कार्ड बरोबर न्या. आयकरासाठी जुनी स्टेटमेंटं आधीच उतरवून घ्या, कारण नेटबँकिंग बंद झालं की ती मिळवायला शाखेच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. विवरणपत्रात त्या वर्षात चालू असलेलं प्रत्येक खातं दाखवायचं असतं, मधेच बंद केलेलंही. नव्या खात्यावर नॉमिनीचं नाव लगेच घाला. नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नॉमिनी नेमता येतात.

काउंटरवर "बंद कशाला करताय, झीरो बॅलन्स करून देतो की" असं गोड बोलणं होईल. तसं करून देणार असतील तर छानच, पण लेखी घ्या. नाहीतर अर्जाच्या प्रतीवर तारखेसह शिक्का मागा, तो घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. बँकेनं टाळाटाळ केली तर आधी तिच्याकडेच लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. तिथं वकील लागत नाही आणि फीही नाही.